जुन्या फोनचं सुरक्षा अपडेट: कंपनीने किती वर्षं द्यायला हवं?



आजचा सल्ला पिकाचा नाही, खिशातल्या फोनचा आहे. पण विषय शेवटी शेतीच्या पैशाचाच. ई-पीक पाहणी, महाडीबीटीचा अर्ज, पीएम किसानची ई-केवायसी, माल विकल्यावर येणारा बँकेचा मेसेज आणि ओटीपी, सगळं एकाच फोनवर येतं. आणि तो फोन घरात पाच-सहा वर्षं तरी चालतो. आधी मुलगा वापरतो, मग तोच वडिलांकडे नाहीतर आईकडे जातो. यात चुकीचं काहीच नाही. बॅटरी बदलली, काच बदलली की फोन पुन्हा ठणठणीत. प्रश्न एवढाच, की चालणारा फोन सुरक्षितही आहे का?

*सुरक्षा अपडेट म्हणजे काय?*
फोन ज्या प्रोग्रॅमवर चालतो त्यात बारीक चुका राहून गेलेल्या असतात. त्या चुकांतून चोर आत शिरू शकतो. गूगल साधारण दर महिन्याला अँड्रॉइडमधल्या अशा चुकांची यादी आणि त्यांची दुरुस्ती जाहीर करतं. मग फोन बनवणारी कंपनी ती दुरुस्ती आपल्या मॉडेलला बसवून पाठवते. प्ले स्टोअरमधून व्हॉट्सअॅप अपडेट करणं वेगळं. ते एका खोलीचं कुलूप बदलणं झालं. सुरक्षा अपडेट म्हणजे वाड्याच्या भिंतीचं भगदाड बुजवणं.

*अपडेट बंद झालं की काय होतं?*
फोन लगेच बंद पडत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. तांबेऱ्याला प्रतिकारक म्हणून घेतलेला गव्हाचा वाण आठवा. वाण तोच राहतो, पण काही वर्षांत रोगाची नवी जात येते आणि प्रतिकारशक्ती तुटते. फोनचंही तसंच. शिवाय दुरुस्तीची यादी जाहीर असते, त्यामुळे कोणत्या जुन्या फोनला भगदाड कुठे आहे हे चोरालाही घरबसल्या समजतं. नव्या फोनचं बुजतं, जुन्याचं उघडंच राहतं.

*कंपन्या का थांबतात?*
त्यांचीही बाजू समजून घेऊ. प्रत्येक मॉडेलवर अपडेट तपासून पाहायला माणसं आणि पैसा लागतो. आतली चिप दुसऱ्या कंपनीची असते, तिने साथ सोडली तर काम आणखी अवघड होतं. पण जुना फोन टाकून नवा घेतला तर फायदा कुणाचा, हेही आपल्याला कळतं.

आणि मनात आणलं तर जमतं. अॅपलने २०१३ साली आणलेल्या आयफोन ५एस या फोनला जानेवारी २०२३ मध्येही सुरक्षा अपडेट दिलं होतं. गूगलने पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने गॅलॅक्सी एस२४ ला सात वर्षांचा शब्द दिला आहे. पण हे महागडे फोन. आपण घेतो त्या स्वस्त मॉडेलला बरेचदा यापेक्षा खूप कमी वर्षं मिळतात. म्हणजे ज्याला नवा फोन लवकर परवडत नाही, त्याचंच संरक्षण आधी संपतं.

*मग काय व्हायला हवं?*
फोन जन्मभर सांभाळा असं कुणी म्हणत नाही. पण दोन गोष्टी रास्त आहेत.

पहिली, तारीख खोक्यावर छापा. कीटकनाशकाच्या बाटलीवर अंतिम तारीख असते, बियाण्याच्या पिशवीवर वैधता असते. फोनच्या खोक्यावर का नको? ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत मिळेल हे ग्राहकाला सांगणं कंपनीला बंधनकारक आहे.

दुसरी, वर्षं मोजायची ती विक्री बंद झाल्यापासून. सध्या बरेचदा मॉडेल बाजारात आल्या दिवसापासून मोजतात. दिवाळीच्या सेलमध्ये दोन वर्षं जुनं मॉडेल स्वस्तात घेतलं, तर त्यातली दोन वर्षं आधीच गेलेली असतात. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमानुसार, मॉडेलची विक्री थांबल्यावर पुढे किमान ५ वर्षं अपडेट मिळायला हवं. आपल्याकडेही असा नियम यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

*तोपर्यंत आपण काय करायचं?*

१) सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' आणि मग 'अँड्रॉइड व्हर्जन' उघडा. तिथे सुरक्षा अपडेटची तारीख दिसेल. काही फोनमध्ये ती थोडी इकडे-तिकडे असते. वर्षाहून जुनी असेल तर 'सॉफ्टवेअर अपडेट' दाबून पाहा. काहीच येत नसेल तर त्या फोनचं अपडेट बहुतेक बंद झालंय असं समजा.

२) अशा फोनवर हवामान, बाजारभाव, आपले सल्ले खुशाल पाहा. पण बँक आणि यूपीआयचं अॅप त्यावर ठेवू नका. बँकेला जोडलेलं सिम साध्या बटणाच्या फोनमध्ये टाकलं तरी ओटीपी येतोच.

३) 'फोन अपडेट करा' अशी लिंक व्हॉट्सअॅपवर आली तर ती खोटी समजा. खरं अपडेट सेटिंगमधूनच होतं.

४) 'पीएम किसान' किंवा 'चलन' नावाची एपीके फाईल ग्रुपवर आली तर उघडू नका, पुढे पाठवू नका. फाईल आपणच हाताने बसवली तर नवं अपडेटही वाचवेल याची खात्री नाही.

५) नवा फोन घेताना दुकानदाराला कॅमेऱ्याआधी विचारा: 'सुरक्षा अपडेट कोणत्या सालापर्यंत?' चार गावांतून हाच प्रश्न गेला की तो वरपर्यंत पोचतो.

६) खात्यातून पैसे गेलेच तर लाजू नका, थांबू नका. लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

तारीख सापडत नसेल तर संकलन केंद्रावर येताना फोन घेऊन या, सोबत बसून बघू. आई-वडिलांचा फोन मात्र आज घरीच तपासा.

– आपला कृषी सल्लागार,
शेतकरी उत्पादक कंपनी