तरफेची रायफल: अमेरिकेत हरणाच्या शिकारीसाठी परवडणारे हत्यार निवडताना आणि बाळगताना

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार हा पिढ्यानपिढ्या हरणाच्या शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस मानला जात असे. ग्रामीण भागातील अनेक शाळा त्या दिवशी बंद ठेवल्या जात. २०१९ पासून हंगामाचा आरंभ शनिवारी होऊ लागला. परंतु पहाटेच्या अंधारात नारिंगी जाकीट घालून रानात शिरणाऱ्यांची परंपरा कायम आहे. त्या राज्यात मोठ्या प्राण्यांच्या शिकारीसाठी अर्धस्वयंचलित रायफल वापरण्यास मनाई आहे. प्रत्येक गोळीनंतर पुढचे काडतूस हातानेच नळीत सारावे लागते. अशा हातचालित रायफलींमध्ये दीडशेहून अधिक वर्षे टिकून राहिलेला प्रकार म्हणजे ‘लिव्हर-अ‍ॅक्शन’, अर्थात तरफेवर चालणारी रायफल.

भारतीय वाचकाने ती पाहिलेली असते ती बहुधा पडद्यावर. ‘मॅकेनाज गोल्ड’सारख्या पाश्चात्त्य चित्रपटांतील घोडेस्वारांच्या हाती हीच असते. चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ओढली, की रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि घोडा मागे सरून ताणला जातो. कडी वर आणली, की नवे काडतूस नळीच्या मुळाशी बसते. १८६० मध्ये बेंजामिन टायलर हेन्री यांनी पेटंट घेतलेल्या रायफलीत सोळा काडतुसे मावत आणि तिचा वापर अमेरिकी यादवी युद्धात झाला. विंचेस्टर कंपनीचे ‘मॉडेल १८७३’ हा त्या कल्पनेचा पुढचा टप्पा. मात्र आजच्या शिकाऱ्याला कामाची ठरते ती जॉन ब्राउनिंग यांनी रेखाटलेली १८९४ ची विंचेस्टर. पुढच्याच वर्षी तिच्यासाठी ‘थर्टी-थर्टी’ हे धूरविरहित दारूचे काडतूस बाजारात आले. नावातील पहिले तीस म्हणजे इंचाच्या शतांशांत गोळीचा व्यास, दुसरे तीस म्हणजे मूळ काडतुसातील दारूचे ग्रेनमधील वजन.

या काडतुसाची गोळी साधारणतः १५० किंवा १७० ग्रेनची, म्हणजे दहा-अकरा ग्रॅमची असते. हलकी गोळी सेकंदाला सुमारे ७२५ मीटर वेगाने सुटते. आधुनिक रायफलींच्या तुलनेत हे आकडे सामान्य आहेत आणि दीडशे-दोनशे मीटरपलीकडे गोळी झपाट्याने खाली येते. पण पूर्व अमेरिकेच्या दाट रानात पांढऱ्या शेपटीचे हरीण दिसते तेच मुळी पन्नास-साठ मीटरवर. तेथे तीन किलोच्या आसपास वजनाची, वीस इंची नळीची, झुडपांत न अडकणारी रायफल पुरते. पश्चिमेकडील मोकळ्या माळरानावर, जेथे तीनशे मीटरवरचा नेम धरावा लागतो, तेथे ही रायफल घेणे चूक ठरेल. त्या कामाला साधी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल अधिक योग्य आणि पुष्कळदा स्वस्तही असते.

स्वस्ताईचा मुद्दा येथे थोडा विपरीत झाला आहे. एकेकाळी तरफेची रायफल हे शेतकऱ्याचे आणि गिरणी कामगाराचे हत्यार होते. मोठ्या दुकानसाखळ्या आपापल्या नावाने ती विकत. विंचेस्टरने न्यू हेवन येथील कारखाना २००६ मध्ये बंद केला आणि आज त्या नावाची रायफल जपानमध्ये तयार होते. मार्लिन कंपनीचे ‘३३६’ हे १९४८ पासूनचे लोकप्रिय मॉडेल आता रुगर कंपनी बनवते. या नव्या रायफलींच्या छापील किमती हजार डॉलरच्या पुढे गेल्या आहेत. ब्राझीलच्या रॉसी कंपनीची रायफल त्याखालच्या दरात मिळू शकते, तर मर्यादित खर्चात काम भागवू पाहणाऱ्या बहुतेकांची पावले जुन्या मालाकडे वळतात.

जुन्या मालात नाव आणि वर्ष या दोन्हींना किंमत आहे. विंचेस्टरने १९६४ मध्ये उत्पादनखर्च कमी करण्यासाठी घडीव भागांच्या जागी ठोकळ पत्र्याचे भाग वापरायला सुरुवात केली. परिणामी ‘१९६४ पूर्वीची’ हा संग्राहकांचा मंत्र झाला आणि त्या रायफलींचे भाव चढले. नंतरच्या दीड-दोन दशकांतील रायफलींची पोलादी चौकट वेगळ्या धातूची असून तिच्यावरील निळसर लेप उडाला, की पुन्हा नीट चढत नाही. दिसायला ती गबाळी वाटते, परंतु हरणाला त्याचे सोयरसुतक नसते. भिंतीवर टांगायची नसून रानात न्यायची असेल, तर हीच खरेदी किफायतशीर.

मार्लिनची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. २००७ च्या अखेरीस रेमिंग्टनने ही कंपनी विकत घेण्याचे जाहीर केले, नॉर्थ हेवनचा जुना कारखाना बंद झाला आणि अनुभवी कारागिरांची घडी विस्कटली. त्यानंतरच्या काही वर्षांतील रायफलींत तिरकी बसलेली माशी, लाकूड आणि लोखंड यांतील फटी अशा तक्रारी इतक्या वाढल्या, की खरेदीदार आजही नळीच्या मुळाशी ‘जेएम’ ही जुन्या कारखान्याची मोहोर आहे का, हे आधी पाहतात. रेमिंग्टनच्या दिवाळखोरीनंतर २०२० मध्ये रुगरने मार्लिन घेतली. सर्वांत दुर्लक्षित सौदा मात्र ‘ग्लेनफिल्ड’ या नावाखाली असतो. मार्लिननेच दुकानसाखळ्यांसाठी काढलेली ही रायफल. अक्रोडाऐवजी बर्चचा दस्ता, बाकी यंत्रणा तीच. नावाला वलय नसल्याने ती स्वस्त मिळते, आणि परवडणाऱ्या रायफलीच्या शोधात असलेल्याने प्रथम तिचाच विचार करावा, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे.

विंचेस्टर आणि मार्लिन यांतील एक फरक चष्मा लागलेल्यांसाठी महत्त्वाचा. जुन्या विंचेस्टरमधून रिकामे काडतूस सरळ वर उडते, त्यामुळे नळीवर दुर्बीण नीट बसत नाही. मार्लिनची चौकट वरून बंद असून काडतूस बाजूने पडते. तिच्यावर दुर्बीण सहज चढते. विंचेस्टरने हा दोष १९८० च्या दशकात तिरक्या निकासाने दूर केला. जुन्या विंचेस्टरवर कुणी हौसेने भोके पाडून दुर्बीण बसवली असेल, तर संग्राहकाच्या लेखी तिचे मोल घसरते. वापरणाऱ्याच्या हे पथ्यावरच पडते.

दुकानात रायफल हाती घेतल्यावर पहिले काम म्हणजे ती रिकामी असल्याची खात्री. कडी उघडून नळीच्या मुळाशी बोट घालून पाहावे आणि काडतुसांच्या लांब नळकांड्यातही काही राहिलेले नाही ना, हे तपासावे. मग उजेडाकडे धरून नळीतील आटे पाहावेत. खड्डे पडलेले असतील तर नेमावर परिणाम होऊ शकतो. नळीच्या तोंडाची कड ठोकरलेली नको. घोडा अर्ध्यावर, म्हणजे सुरक्षित खाचेत ठेवून चाप हलकेच दाबावा. घोडा सुटला तर रायफल तेथेच परत करावी. दस्ता लोखंडाला मिळतो त्या ठिकाणी बारीक चीर असते, ती नखाने लागते. पेचांची तोंडे झिजलेली असली, तर आधीच्या मालकाने अयोग्य हत्याराने ती वारंवार उघडली, असे समजावे. जुन्या मार्लिनमध्ये कडीच्या घर्षणाने काडतूस उचलणाऱ्या पट्टीवर खाच पडते आणि दोन काडतुसे एकदम आत येऊन यंत्रणा अडकते. खराब पट्टी बदलता येते. मात्र तो खर्च किमतीतून वळता करून घ्यावा.

तरफेच्या रायफलीचे एक वैशिष्ट्य जीवावर बेतू शकते. बहुतेक रायफलींत काडतुसे नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक अशी राहतात. एकाचे टोक पुढच्याच्या बुडाला, म्हणजे ज्या टोपीवर आघात होऊन स्फोट होतो तिला टेकलेले असते. टोकदार धातूची गोळी वापरली, तर धक्क्याने ती टोपी फुटू शकते. म्हणूनच येथे चपट्या किंवा गोल नाकाच्या गोळ्या वापरतात. हॉर्नडी कंपनीने २००० च्या दशकात मऊ रबरी टोकाची गोळी काढल्यावर टोकदार आकाराचा लाभही मिळू लागला. साठ्यातून किंवा कुणा मित्राकडून आलेली अनोळखी काडतुसे या नळकांड्यात भरणे हा निव्वळ वेडेपणा होय.

दुसरा धोका दिवस संपताना असतो. जुन्या रचनेत भरलेली रायफल रिकामी करायची, तर प्रत्येक काडतूस नळीच्या मुळाशी नेऊन मगच बाहेर काढावे लागते. थंडीने बधिर झालेल्या अंगठ्याने ताणलेला घोडा खाली उतरवताना तो निसटतो, तेव्हा नळी कुठे रोखलेली आहे, यावरच सर्व काही अवलंबून असते. अलीकडच्या रायफलींत आडवी कळ किंवा मागच्या बाजूची सुरक्षा खिटी आलेली आहे. जुन्या पठडीतील शिकारी तिला नाके मुरडतात. पहिल्यांदा रायफल घेणाऱ्याने मुरडू नयेत.

देखभाल कठीण नाही. मार्लिनचा एक पेच काढला, की कडी आणि बोल्ट हाती येतो आणि नळी मागच्या बाजूने साफ करता येते. विंचेस्टर खोलणे किचकट असल्याने गज पुढून घालावा लागतो. तो नळीच्या तोंडावर घासू नये, याची काळजी घ्यावी. पावसात भिजलेल्या रायफलीला लाकडाखाली गंज चढतो आणि तो दिसत नाही. घरी ती कुलूपबंद कपाटात, काडतुसे वेगळ्या जागी ठेवावीत. मुलांच्या हाती हत्यार लागू दिल्याबद्दल मालकाला जबाबदार धरणारे कायदे अनेक राज्यांत आहेत.

रायफल कोणत्या राज्यात वापरणार, हा प्रश्न खरे तर किमतीच्याही आधी यायला हवा. ओहायोत हरणासाठी सरळ भिंतीचीच काडतुसे चालतात; निमुळत्या मानेचे थर्टी-थर्टी तेथे बाद ठरते. त्या राज्यात त्याच जातीच्या रायफलीतील .३५७ किंवा .४४ मॅग्नम घ्यावी लागते. न्यू जर्सीत, जेथे मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे, हरणाच्या शिकारीला रायफलच चालत नाही. बंदूक, ठासणीचे हत्यार किंवा धनुष्य वापरावे लागते आणि रायफल विकत घेण्यासाठीही ओळखपत्र आधी काढावे लागते. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीला पूर्ण बंदी असल्याने तांब्याची, अधिक महाग गोळी लागते.

परवानाधारक विक्रेत्याकडून खरेदी करताना केंद्रीय अर्ज भरून पार्श्वभूमीची तपासणी होते. ग्रीन कार्डधारकाला ही खरेदी करता येते. एच-१बी, विद्यार्थी किंवा पर्यटक अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला मात्र केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगण्यासच सर्वसाधारणपणे मनाई आहे. विकत घेण्याचाच प्रश्न नाही. चांदमारीच्या मैदानावर भाड्याची रायफल हाती घेणे हाही ताबाच. मुलाकडे सहा महिन्यांसाठी गेलेल्या वडिलांनी हौसेने नेमबाजीचे छायाचित्र काढून नातेवाइकांना पाठवणे त्यामुळे वाटते तितके निरुपद्रवी नाही. या मनाईला एक सर्वपरिचित अपवाद आहे: एखाद्या राज्याने दिलेला वैध शिकार परवाना जवळ असल्यास ती लागू होत नाही. हा परवाना मिळण्याआधी बहुतेक राज्यांत शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. व्हिसावरील मित्रासाठी आपल्या नावावर रायफल घेऊन देणे हा गंभीर गुन्हा असून त्याचे परिणाम दोघांनाही भोगावे लागू शकतात. शंका असल्यास वकिलाचे शुल्क रायफलीच्या किमतीपेक्षा स्वस्तच पडेल.

या व्यवहारातील एक बाब भारतीय वाचकाला अनपेक्षित वाटेल. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के उत्पादन कर घेतला जातो आणि ती रक्कम राज्यांना वन्यजीव संवर्धनासाठी मिळते. भारताने वेगळा मार्ग स्वीकारला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ९ ने शिकारीवर बंदी आली. जीवितास वा पिकास धोका ठरणाऱ्या प्राण्याबाबत कलम ११ खाली परवानगी मिळू शकते, पण ती छंदासाठी नव्हे. येथील शेतकऱ्याच्या परिचयाची हत्यारे म्हणजे ठासणीची किंवा बारा बोरची बंदूक. अमेरिकेत घेतलेली रायफल मायदेशी आणायची, तर १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना अनिवार्य आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला सर्वसाधारणपणे दोनच शस्त्रे बाळगता येतात. परतणाऱ्या बहुतेकांना ती तेथेच कायदेशीररीत्या विकणे सोयीचे.

रायफल विकली तरी काडतूस मागे राहते. शिकारीच्या जाकिटाच्या खिशात किंवा पाठपिशवीच्या शिवणीत अडकलेले एकच काडतूस दिल्ली वा मुंबईच्या विमानतळावरील क्ष-किरण तपासणीत दिसले, तर शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. जाणीवपूर्वक ताबा नसल्याचे पटल्यास न्यायालये असे गुन्हे रद्द करतात. तोवर विमान सुटलेले असते, पारपत्र आणि परतीच्या व्हिसाची चिंता सुरू झालेली असते आणि उच्च न्यायालयातील तारखा लागलेल्या असतात. रानात वापरलेली पिशवी भारतात येणाऱ्या सामानासाठी घेऊच नये. घ्यावीच लागली तर ती उलटी करून, प्रत्येक कप्पा चाचपून मगच भरावी.