वेब सर्व्हर कर्नलमध्ये : वेगाची किंमत

ई-प्रशासनाच्या सेवांवरील भार दिवसभर सारखा नसतो. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचे निकाल लागताच दिल्लीस्थित राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या संकेतस्थळावर विद्यार्थ्यांची एकच गर्दी होते. रेल्वेच्या वातानुकूलित वर्गांचे तत्काळ आरक्षण सकाळी दहाला खुले होते, तेव्हाही तीच स्थिती असते. या काही मिनिटांसाठी सर्व्हर वेगवान कसा करावा, हा सार्वजनिक खर्चाचाही प्रश्न आहे.

वेब सर्व्हर थेट कर्नलमध्ये चालविणे, हा त्यावरील एक उपाय. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा होय. स्मृती, डिस्क व नेटवर्क यांचे नियंत्रण त्याच्याकडे असते. इतर प्रोग्रॅम मर्यादित अधिकारांनी त्याच्याबाहेर चालतात आणि फाइल वाचण्या-पाठविण्यासाठी वारंवार कर्नलकडे मागणी करतात. सर्व्हरच कर्नलमध्ये असल्यास हे हेलपाटे वाचतात. २००१ मधील लिनक्स २.४ मध्ये असा छोटा सर्व्हर समाविष्ट होता. रेड हॅटच्या इंगो मोलनार यांनी ‘टक्स’ विकसित केला. मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २००३ मध्ये विनंत्या स्वीकारण्याचे व साठवलेली पाने पुरविण्याचे काम ‘एचटीटीपी.सिस’ या कर्नलमधील घटकाकडे सोपविले.

परंतु या वेगाला किंमत आहे. बाहेरील प्रोग्रॅममधील दोषाने सहसा तो प्रोग्रॅमच बंद पडतो. कर्नलमधील दोषाने संपूर्ण यंत्रणा कोसळू शकते किंवा परक्याच्या ताब्यात जाऊ शकते. एप्रिल २०१५ मध्ये ‘एचटीटीपी.सिस’मध्ये असाच दोष उघड झाला. विशिष्ट रचनेची एक विनंती पाठवून सर्व्हर बंद पाडणे त्यामुळे शक्य होते.

शिवाय हा लाभ मुख्यतः तयार पानांपुरताच मिळतो. जाहीर झालेला निकाल बदलत नाही. त्याचे पान आधीच तयार ठेवता येते. तत्काळ तिकिटासाठी मात्र शिल्लक जागा तपासणे, ती राखून ठेवणे आणि पैसे स्वीकारणे आवश्यक असते. तेथील कोंडी माहितीसाठ्यापाशी होते. सर्व्हर कर्नलमध्ये नेऊन ती सुटत नाही.

लिनक्सने पुढे २.६ मालिकेत तो सर्व्हर वगळला. फाइल थेट नेटवर्ककडे धाडण्याची आणि हजारो जोडण्यांवर एकाच वेळी लक्ष ठेवण्याची सोय कर्नलनेच पुरविली. त्या बळावर २००४ मध्ये आलेल्या एन्जिन-एक्ससारख्या सर्व्हरनी बाहेर राहूनच मोठा वेग गाठला.

यंत्रसामग्रीवरील बचत खात्याच्या हिशेबात दिसते. बिघाडाचा भुर्दंड मात्र नागरिकाला सोसावा लागतो. म्हणून कोंडी नेमकी कोठे आहे याचे मोजमाप आधी करावे आणि गाभ्याला हात घालण्याचा निर्णय त्यानंतरच घ्यावा, हे श्रेयस्कर.