शेजार की भास?

एप्रिलच्या एका अंधाऱ्या रात्री माझ्या आठ इंची दुर्बिणीतून मी कन्या राशीतली ‘एम ६०’ दीर्घिका प्रथम पाहिली. धुक्याचा गोल ठिपका आणि त्याला खेटून दुसरा, बराच पुसट. दोघींत अंतर सुमारे अडीच कला, म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीचा बारावा भाग. वहीत मी बेधडक लिहिले, ‘एकमेकींत गुंतलेली जोडी’. व्याख्यानांतूनही वर्षानुवर्षे तेच सांगत आलो. ते विधान इथे तपासायचे आहे.

एम ६० लंबवर्तुळाकार आहे. वृद्ध, तांबूस ताऱ्यांचा प्रचंड गोळा, केंद्रस्थानी सूर्याच्या सुमारे साडेचारशे कोटी पट वस्तुमानाचे कृष्णविवर. शेजारची ‘एनजीसी ४६४७’ सर्पिल. तिच्यात निळे, तरुण तारे अजून जन्मत आहेत. हॉल्टन आर्प यांनी १९६६ साली विलक्षण दीर्घिकांचा नकाशासंग्रह काढला, त्यात ही जोडी ११६ व्या क्रमांकावर आहे. माझी सारी भिस्त या क्रमांकावर होती.

पण दोन दीर्घिका खरोखर जवळ आल्या, तर त्याच्या खुणा राहतात. शेजारणीचे गुरुत्वाकर्षण जवळच्या कडेला जास्त ओढते, दूरच्या कडेला कमी. चंद्रामुळे समुद्राला भरती येते ती याच कारणाने. मग ताऱ्यांचे लांब शेपटे बाहेर खेचले जातात, वायू दाबला जाऊन नव्या ताऱ्यांचा पूर येतो. या जोडीत ना ठळक शेपटे, ना तसा पूर. अंतरांचे प्रचलित अंदाज ५.४ कोटी आणि ६.३ कोटी प्रकाशवर्षे. ९० लाखांची ही तफावत आपल्यापासून देवयानी दीर्घिकेच्या अंतराच्या तिपटीहून अधिक. ती खरी असेल, तर शेजार हा केवळ दृष्टिभ्रम.

मात्र प्रकरण इथेच मिटत नाही. अशा अंतरमापनात चूक बरीच असू शकते. सर्पिल दीर्घिकेतला वायू एका बाजूला कललेला आढळला आहे, आणि हबल दुर्बिणीच्या बारकाईच्या छायाचित्रांत ओढाताणीची पहिली चिन्हे अभ्यासकांना दिसली. अर्थात भोवतालच्या तप्त वायूचा दाबही असा कल आणू शकतो.

वहीतली ती ओळ मी खोडली नाही. खाली तारीख घालून लिहिले : ‘एका दिशेला दिसतात, हे नक्की. गुंतू लागल्या असाव्यात, पुरावा अपुरा.’ पुढच्या व्याख्यानात सुरुवात याच दुरुस्तीने करणार आहे.