पाऊस आला, सिग्नल गेला?

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो. गच्चीवरच्या डिशच्या कनेक्टरवरची साधी टेप तेव्हाच चिकट होऊन सुटते. जूनमध्ये पाणी आत शिरतं, तांबं हिरवं पडतं अन् ऐन मॅचला सिग्नल गायब!

उपाय सोपा. सेट-टॉप बॉक्स बंद करा. कनेक्टर कोरडा करून घट्ट आवळा. स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून खालून वर गुंडाळा. थर कौलांसारखे बसतात. वरून उन्हात टिकणारी टेप. कनेक्टरआधी केबलला खाली झोल ठेवा, पाणी तिथूनच टपकतं.

गणेश मंडपातल्या २३० व्होल्टच्या जोडाला मात्र टेपचा जुगाड नको बाप्पा! २३ सप्टेंबर २०२३ चा पूर ऐन गणेशोत्सवातच आला होता. तिथे वॉटरप्रूफ सॉकेट, आरसीसीबी अन् लायसन्सवाला वायरमनच हवा. डिशचा सिग्नल परत येतो, माणूस येत नाही.