बंद फ्लॅट, घाबरलेले बाबा आणि कलम २४

मागच्या भागात भाडेकरूंच्या डिपॉझिटबद्दल बोललो, तर खाली कमेंटमध्ये प्रश्न आला: सरकार घरमालकासाठी काही करतं का रे?

हा प्रश्न माझ्या घरातलाच आहे. नाशिकला आमचा वन बीएचके चार वर्षं कुलूपबंद. मी स्वतः पुण्यात भाड्याने राहतो, आणि बाबा म्हणतात, "दिला की गेला." आजोबांच्या वाड्यातला भाडेकरू त्यांनी पाहिलाय ना! असे बाबा खूप आहेत. २०११ च्या जनगणनेत शहरांमध्ये १ कोटी १० लाखांच्या आसपास घरं रिकामी होती.

रोख अनुदान वगैरे विसरा. छोट्या मालकाला सरकारचा आधार मिळतो तो टॅक्समध्ये आणि कायद्यात. टॅक्सचं पटकन सांगतो. महिना १५,००० भाडं म्हणजे वर्षाचे १,८०,०००. मालकाने भरलेली घरपट्टी वजा होते, उरलेल्यातून सरसकट ३० टक्के वजावट. पावती मागत नाहीत, एक खिळासुद्धा ठोकला नसेल तरी चालतं. घरपट्टी सोडून दिली तरी ५४,००० वाचले, टॅक्स उरलेल्या १,२६,००० वरच.

पण बाबांची भीती टॅक्सची नाहीये. तिचं उत्तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये आहे. लिव्ह अँड लायसन्समध्ये राहणारा 'भाडेकरू' नसतोच, त्याला फक्त ठरलेल्या मुदतीपुरती परवानगी असते. मुदत संपूनही तो हलला नाही, तर कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो, नेहमीच्या कोर्टात नाही. आणि तिथे लेखी करार हाच निर्णायक पुरावा! शिवाय जितके दिवस तो अडून बसेल, तितक्या दिवसांचं दुप्पट शुल्क. (हे वाचताना माझ्यातला भाडेकरू जरा दचकला, खरं सांगतो.)

आता गोम ऐका. आपल्याकडे "११ महिन्यांचा आहे, नोटरी पुरे" असं एजंट सर्रास सांगतात. महाराष्ट्रात ते चुकीचं आहे. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. वर मालकालाच तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे हजारभर रुपये वाचवायला आपण आपलंच संरक्षण घालवतो. आमच्या फ्लॅटचा हिशोब केला: ५०,००० डिपॉझिट धरून स्टॅम्प ड्यूटी पाचशेच्या आत, शहरात नोंदणी फी १,०००. आधार आणि अंगठा, घरबसल्या ऑनलाइन होतं.

बाबांना हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आणि त्याने अपील केलं तर?" अपील नाहीच बाबा, फक्त पुनरीक्षण अर्ज करता येतो. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "किल्ली आईकडे आहे."

शनिवारी जातोय. चार वर्षांत नळांचं काय झालंय, ते आधी बघायला लागेल.