अभिहस्तांतरण
स्थावर मालमत्तेची मालकी लेखाद्वारे दुसऱ्याकडे सोपविण्याची क्रिया. घराच्या व्यवहारात साठेखत व खरेदीखत यांची गल्लत नेहमी होते. साठेखत हा विक्रीचा केवळ करार असून मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ (कलम ५४) अन्वये त्याने मिळकतीत हितसंबंध निर्माण होत नाही, १०० रु. वा अधिक किंमतीच्या मिळकतीची मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच जाते. सातबारावरील फेरफाराने मालकी निर्माण होत नाही.

सदनिकांच्या बाबतीत प्रश्न अधिक बिकट आहे. सदनिकाधारकाकडे नोंदणीकृत करार व ताबा असला, तरी इमारतीखालील जमीन गृहनिर्माण संस्थेच्या नावे होण्यास वेगळे अभिहस्तांतरण लागते. महाराष्ट्रात १९६३ च्या सदनिका मालकी अधिनियमाने ते विकासकावर बंधनकारक केले. तथापि वाढीव चटईक्षेत्राच्या लोभाने अनेकांनी ते टाळले. इमारत जीर्ण होऊन पुनर्विकासाची वेळ आली, म्हणजे जमीन आपली नाही हे रहिवाशांना कळते. २००८ च्या दुरुस्तीने ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची तरतूद झाली. तीनुसार संस्था सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे सामान्यतः सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे, अर्ज करते. उभयपक्षांच्या सुनावणीनंतर तो प्रमाणपत्र देतो व विकासकाच्या सहीवाचून दस्त नोंदला जातो.