नांग्या

पुष्कळ वर्षांपूर्वीची ही हकिकत आहे. करमाळा तालुक्यातील एका शाळेत मी त्या वेळी सहावीच्या वर्गास मराठी शिकवीत असे. त्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. त्याचे अक्षर मोत्यासारखे होते आणि त्याची शुद्धलेखनाची वही पाहून दुसऱ्या वर्गाचे शिक्षकही क्षणभर थांबत. दिवाळीच्या सुटीनंतर मात्र माझ्या ध्यानात आले की, ही वही दिवसेंदिवस रोड होत चालली आहे. वही शंभर पानांची. पण हातात घेतली तर पन्नास पानांचीही भरेना. चौकशी करता कळले की, पानावर शाईचा ठिपका पडला किंवा एखादा काना वाकडा गेला, की तो ते पान फाडून टाकी आणि नव्या पानावर पहिल्यापासून लिहावयास बसे. मधोमध दोऱ्याने शिवलेल्या वहीचे एक पान फाडले म्हणजे त्याचे जोडपान सैल होते आणि दोन-चार दिवसांत तेही गळून पडते. त्या जोडपानावर कित्येकदा अगदी सुरेख लेखन असे. एका ठिपक्यापायी तेही जाई.

याचे मूळ शोधू लागलो, तो ते माझ्याच पाशी निघाले. त्याच वर्षी पावसाळ्यात शाळेची वार्षिक तपासणी होती. आदल्या दिवशी वह्या पाहण्याची माझी घाई चालली होती. या मुलाच्या वहीत एक मोठा डाग दिसला. मी ती वही सर्व वर्गासमोर उंच धरली आणि म्हणालो, "ही वही का उद्या तपासनिसांना दाखवायची?" वर्ग हसला. मीही पुढच्या वहीकडे वळलो आणि तो प्रसंग विसरून गेलो. ते वाक्य उच्चारावयास मला दोन क्षणही लागले नसतील. त्या मुलाची वही मात्र पुढे चार महिने झिजत होती.

माणूस असा एकाएकी का बोलून जातो, हे समजून घेण्यासारखे आहे. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक लहानशी ग्रंथी असते. भीती वाटली किंवा राग आला, की तिच्यातून ॲड्रेनॅलिन नावाचा रस रक्तात मिसळतो. त्यासरशी हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, स्नायूंकडे जाणारे रक्त वाढते. समोर साप दिसला, तर उडी मारून बाजूला होण्यासाठी निसर्गाने केलेली ही तजवीज आहे, आणि त्या वेळी ती फार मोलाची ठरते. परंतु शाईचा डाग म्हणजे साप नव्हे, हे शरीराला आपोआप कळत नाही. ते कळते मेंदूच्या कपाळामागील भागाला. आणि त्या भागाचे काम जरा सावकाश चालते. तो जागेवर येईपर्यंत जीभ आपला पराक्रम करून मोकळी झालेली असते. म्हणून रागाच्या वेळी प्रश्न असतो तो थोड्याशा अवधीचा. तेवढा अवधी मिळाला, की आपले आपणच पुष्कळ सावरतो.

हा अवधी मिळविण्याची माझी एक युक्ती आहे. करमाळ्याबाहेर श्रीदेवीच्या माळावर कमलादेवीचे मंदिर आहे. तेथील ९६ पायऱ्यांची विहीर तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. ज्यांनी पाहिली नसेल, त्यांनी एकदा अवश्य पाहावी. राग आला की मी मनातल्या मनात त्या विहिरीच्या पायऱ्या उतरू लागतो. एका पायरीला एक श्वास, आणि श्वास सोडताना तो घेताना लागला त्याहून अधिक वेळ लावावयाचा. श्वास असा सावकाश सोडला, म्हणजे हृदयाची गतीही मंदावू लागते. विसाव्या पायरीच्या खाली जाण्याची वेळ माझ्यावर क्वचितच येते. पाणी तर मी आजवर एकदाही गाठलेले नाही.

काही लोक म्हणतात, "राग पोटात ठेवू नये, एकदा ओरडून किंवा आदळआपट करून मोकळे व्हावे, मग माणूस शांत होतो." हे म्हणणे ऐकावयास बरे वाटते, परंतु ते खरे नाही. अमेरिकेतील ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाने याची परीक्षा पाहिली व तिचा वृत्तान्त २००२ साली प्रसिद्ध केला. त्याने विद्यार्थ्यांकडून निबंध लिहवून घेतले आणि त्यांवर मुद्दाम अतिशय कठोर शेरे मारले. मग त्यांतील काहींना, शेरा मारणाऱ्याची आठवण करीत, मुष्टियोद्धे वापरतात त्या भरलेल्या पिशवीवर ठोसे मारावयास सांगितले. काहींना नुसते स्वस्थ बसविले. ठोसे मारणाऱ्यांचा राग स्वस्थ बसणाऱ्यांपेक्षा अधिक असल्याचे आढळले. ज्याचा आपण वारंवार सराव करतो, ते वाढते. राग त्याला अपवाद नाही.

राग नेहमी ओरडतोच असेही नाही. कित्येकदा तो दार लावून घेतो. ज्ञानेश्वरांविषयी परंपरेने चालत आलेली कथा तुम्हांला ठाऊक असेल. लोकांनी केलेल्या उपमर्दाने व्यथित होऊन त्यांनी आपल्या झोपडीची ताटी, म्हणजे कुडाचे दार, आतून लावून घेतले. त्या चार भावंडांत मुक्ताबाई सर्वांत धाकटी. तिने बाहेर उभे राहून आपल्या थोर भावाची समजूत घातली आणि ताटी उघडावयास लावली. तिचे ते बोल 'ताटीचे अभंग' म्हणून आजही गाइले जातात. या कथेत मला दोन गोष्टी विशेष वाटतात. एवढ्या मोठ्या पुरुषालाही दार लावून घ्यावेसे वाटले. आणि धाकट्या बहिणीने सांगताच ते उघडण्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

आता सवयींकडे वळू. पेन्सिल चावणे, नखे कुरतडणे, अभ्यासास बसण्यापूर्वी 'जरा पाच मिनिटे' म्हणून तासभर घालविणे, या सवयी कोणी ठरवून लावून घेत नाही. कंटाळा येतो, हात तोंडाकडे जातो. पुन्हा कंटाळा येतो, पुन्हा हात जातो. आणि काही दिवसांनी कंटाळा नसतानाही हात आपली वाट चालू लागतो. अशा सवयीला नुसते 'नको' म्हटल्याने ती जात नाही. हाताला दुसरे काही काम द्यावे लागते. माझे एक सहकारी बोलताना खडूचा तुकडा बोटांत फिरवीत. लहानपणी नखे खाण्याची सवय त्यांनी तशी सोडविली होती. त्यांचा सदरा मात्र सदैव पांढरा असे.

चांगली सवय लागावयास किती दिवस लागतात? एकवीस दिवसांत सवय लागते असे पुष्कळ ठिकाणी सांगतात. लंडनच्या विद्यापीठात फिलिपा लॅली आणि तिचे सहकारी यांनी याचा अभ्यास केला व तो २०१० साली छापला गेला. योगायोग असा की, त्यांत भाग घेणारी माणसेही आपल्या विहिरीच्या पायऱ्यांइतकीच, म्हणजे ९६ होती. कोणी दुपारच्या जेवणाबरोबर फळ खाण्याचे, कोणी रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटे धावण्याचे ठरविले. बारा आठवडे प्रत्येकाची रोज नोंद ठेवली गेली. सवय अंगवळणी पडावयास साधारणपणे ६६ दिवस लागतात, असे दिसून आले. परंतु कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. तेव्हा शेजारच्या मुलाला लवकर जमले म्हणून आपण खट्टू होण्याचे कारण नाही. याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. एखाद्या दिवशी खाडा पडला, तर सवय जडण्याच्या कामात त्याने म्हणण्यासारखी बाधा येत नाही, असेही या अभ्यासात आढळले.

आपली समजूत नेमकी याच्या उलट असते. पहाटे उठावयाचे ठरविले, चार दिवस उठलो, पाचव्या दिवशी झोप लागली. मग आपण म्हणतो, "आता काय, मोडलेच ते!" आणि सहाव्या दिवसापासून खुशाल सूर्य वर येईपर्यंत झोपतो. खरे पाहता एका दिवसाच्या खाड्याने काहीच बिघडलेले नसते. ते बिघडते पुढच्या निराशेने. सर्व काही निर्दोष झाले पाहिजे, नाहीतर मुळीच नको, हा हट्ट वरवर सद्गुणासारखा दिसतो. वडीलधारी माणसे त्याचे कौतुकही करतात. मीही करीत असे. परंतु ही एक सवयच आहे, आणि पुष्कळ चांगल्या सवयींचा नाश ती एकटी करते.

काम काळजीपूर्वक करणे ही निराळी गोष्ट आहे. मोल्सवर्थ नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने मराठी पंडितांच्या आणि जॉर्ज व टॉमस कँडी या बंधूंच्या साहाय्याने मराठी-इंग्रजी शब्दकोश रचला. तो १८३१ साली प्रसिद्ध झाला. त्या कामी त्यांनी वर्षानुवर्षे कष्ट केले होते. तरी त्यात कितीतरी शब्द यावयाचे राहून गेले. भाषेतील सगळे शब्द सापडेपर्यंत कोश छापणार नाही, असा पण त्यांनी केला असता, तर तो कोश आजवरही निघाला नसता. कारण भाषेचे सगळे शब्द कोणालाच सापडत नाहीत. मोल्सवर्थने कोश छापला, उणिवा शोधीत राहिला, आणि १८५७ साली सुधारून वाढविलेली दुसरी आवृत्ती काढली. अभ्यासक आजही ती उघडून पाहतात.

हे सर्व मला आज ठाऊक आहे. त्या मुलाच्या वेळी यातले फारसे ठाऊक नव्हते. मला शिकविले ते त्याच्या वडिलांनी. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याचे पाणी करमाळा तालुक्याच्या पश्चिमेकडे दूरवर पसरले आणि ज्या माळावर ज्वारीही जेमतेम येई, तेथे ऊस व केळी दिसू लागली. या मुलाच्या वडिलांचा थोडासा ऊस त्या पाण्याच्या कडेला होता. एका रविवारी मी मुद्दाम त्यांच्या घरी गेलो. ते शेतावर होते, म्हणून तेथे गेलो. लागण होऊन महिनाही झाला नव्हता. सरीत कोठे कोठे कांडी उगवलीच नव्हती व तेवढी जागा उघडी दिसत होती. अशा जागांना शेतकरी 'नांग्या' म्हणतात. ते एका वाफ्यातून रोपे उपटून आणून त्या नांग्या भरीत होते, आणि मुलगा त्यांच्यामागून तांब्याने पाणी घालीत होता.

मी विचारले, "ही रोपे कधी तयार केली?"

ते म्हणाले, "लागणीच्याच दिवशी, गुरुजी. नांग्या पडायच्याच. सगळं बेणं कुठं उगवतंय? म्हणून चार कांड्या आधीच बाजूला लावून ठेवायच्या."

मी मुलाकडे पाहिले. तोही माझ्याकडे पाहत होता. मी म्हणालो, "चार ठिकाणी उगवले नाही म्हणून तुझे वडील सगळा ऊस मोडून पुन्हा लावीत नाहीत, नाही का?" तो काही बोलला नाही. त्याच्या वडिलांना मात्र हा प्रश्न वेड्यासारखा वाटला असावा. ते हसले आणि पुढच्या नांगीकडे सरकले.

सोमवारी मी वर्गात त्याची वही पुन्हा सर्वांसमोर हाती घेतली. पावसाळ्यात मी बोललो ते घाईने व रागाने बोललो, ते चुकीचे होते, असे सांगितले. हे सांगणे मला सोपे गेले नाही. शिक्षकाने वर्गापुढे आपली चूक कबूल करण्याची रीत त्या काळी फारशी नव्हती. पण वर्ग या वेळी हसला नाही. मग आम्ही दोघांनी एक नियम ठरविला. पान फाडावयाचे नाही. चुकलेल्या शब्दावर एकच सरळ रेघ ओढावयाची आणि पुढे लिहावयाचे. पहिल्या आठवड्यात त्याने दोनदा पाने फाडली. नियम मोडला म्हणून तो रडकुंडीस आला, तेव्हा मी त्याला उसाची आठवण दिली. फेब्रुवारीत तो तापाने चार दिवस आला नाही. परत आल्यावर चारही दिवसांचे शुद्धलेखन एकदम लिहून काढण्याची परवानगी त्याने मागितली. मी ती दिली नाही. त्याने त्या दिवसाची तारीख घातली आणि त्या दिवसाचेच लिहिले.

वर्ष संपताना ती वही त्याने मला दिली आणि परत मागितली नाही. ती अजून माझ्या कपाटात आहे. तिच्यात एकोणीस ठिकाणी खोडलेले शब्द आहेत, प्रत्येकावर एकच रेघ. चार तारखा नाहीत. एका पानावर तेलाचा डाग आहे व त्याच्या भोवतीने अक्षरे मोठ्या ऐटीने वळसा घालून गेली आहेत. पावसाळ्यातील त्या दिवसाचे पान मात्र तिच्यात नाही. ते त्याने त्याच दिवशी फाडले होते.